डाव क्रमांक ११९८२

आमच्या घरात पत्त्यांना बंदी होती. कॅरम चालायचा, बुद्धिबळ चालायचं, पावसाळ्यात ओटीवर सोंगट्याही निघायच्या. पण पत्त्यांचा कॅट दिसला की अब्बांचा चेहरा बदलायचा. धर्म हे त्याचं एक कारण होतंच. त्याहून जवळचं कारण म्हणजे त्यांचे थोरले चुलते. चुलत्यांनी एका रात्री तीन पत्तीत चांगला चालता मचवा घालवला होता, आणि त्या मचव्याची गोष्ट आम्ही भावंडांनी इतक्या वेळा ऐकली की तो बुडाला असता तर बरं झालं असतं असं वाटायचं.

अशा घरात २००२ साली मी हप्त्यांवर एक असेंबल्ड संगणक आणला. कारण अर्थातच मुलांचं शिक्षण. रात्री सगळे झोपले की मी त्यावर पत्ते खेळत असे. एके रात्री अब्बा पाणी प्यायला उठले आणि पडद्यावरची इस्पिकची राणी पाहून मागेच उभे राहिले. ते झेडपीच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. आधी प्रश्न विचारायचे, मग रागवायचे.

‘‘पैसे कुणाचे लागलेत?’’

‘‘कुणाचेच नाहीत, अब्बा.’’

‘‘समोर कोण आहे?’’

‘‘कुणीच नाही.’’

‘‘मग हरलास तर कुणाला हरलास?’’

याचं उत्तर मला तेव्हा देता आलं नाही. ते खुर्ची ओढून बसले. मचव्याचा विषय त्या रात्री निघाला नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

माझी पत्त्यांशी ओळख झाली ती कचेरीत. आमच्याकडे संगणक आले तेव्हा पन्नाशीतले हेडक्लार्क माऊस हातात धरून तो हवेत उचलायचे आणि पडद्याकडे रोखायचे, टीव्हीचा रिमोट धरावा तसा. प्रशिक्षण द्यायला आलेल्या पोराने त्यांना आवक-जावक नोंदणीऐवजी आधी पत्ते उघडून दिले. दोन दिवसांत हात बसला. पुढे मला कळलं की त्या पोराची ही युक्ती जगभर वापरली गेली होती. मायक्रोसॉफ्टने १९९० साली ‘विंडोज ३.०’सोबत सॉलिटेअर दिलं, ते माऊसने वस्तू उचलून ओढत नेऊन दुसरीकडे ठेवायची सवय लागावी म्हणूनही. हा खेळ लिहिला वेस चेरी नावाच्या तरुणाने, १९८८ साली, तो तिथे उमेदवारी करत असताना. पत्त्यांची चित्रं सुझन केअर यांची. कोट्यवधी लोकांनी खेळलेल्या या खेळाबद्दल चेरीला मानधन म्हणून काही मिळालं नाही. त्याने त्यात आणखी एक सोय केली होती: साहेब आले की एक कळ दाबायची, आणि पत्ते जाऊन पडद्यावर कामाचा देखावा उभा राहायचा. ती कळ कंपनीने काढायला लावली. किती अनर्थ त्यामुळे झाले! २००६ साली न्यूयॉर्कचे महापौर ब्लूमबर्ग यांनी एका कर्मचाऱ्याच्या पडद्यावर सॉलिटेअर पाहिलं आणि त्याची नोकरी गेली. आमच्या कचेरीत एवढं काही झालं नाही. आमचे साहेब स्वतःच सुरुंग शोधत बसलेले असायचे.

सुरुंग म्हणजे माइनस्वीपर. १९९२ साली ‘विंडोज ३.१’सोबत तो घरोघर गेला. करड्या चौकोनांचं मैदान. चौकोन उघडला की आत आकडा. तो आकडा सांगतो, भोवतालच्या आठ घरांत किती सुरुंग दडलेत. अवघड पातळीवर ४८० घरांत ९९ सुरुंग. सुरुवातीला माणूस नशिबावर खेळतो. मग हळूहळू त्याला अक्षरं लागावीत तसे आकडे वाचता येऊ लागतात. कडेला ओळीने एक-दोन-एक असं आलं आणि न उघडलेली घरं एकाच बाजूला असली, की सुरुंग दोन्ही एकांच्या समोर आहेत आणि दोनाच्या समोरचं घर सुरक्षित. हे मला कुणी शिकवलं नाही. एका दुपारी अचानक दिसलं, आणि यमक जुळल्यावर होतो तेवढाच आनंद झाला. ब्रिटिश गणितज्ञ रिचर्ड के यांनी २००० साली दाखवून दिलं की अशा अर्धवट उघडलेल्या मैदानातले आकडे एकमेकांशी सुसंगत आहेत की नाहीत हे ठरवणं गणितातल्या अत्यंत अवघड मानल्या गेलेल्या प्रश्नांच्या जातकुळीचं आहे. साहेबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, ‘‘तरीच.’’

या खेळावर माझा मात्र एक आक्षेप आहे. पहिलं पाऊल तो माफ करतो. पहिल्याच टिचकीला सुरुंग फुटणार नाही अशी व्यवस्था आत आहे. पण शेवटी कधी कधी दोनच घरं उरतात, सुरुंग एकच, आणि तो कुठे आहे हे सांगणारा एकही आकडा उरलेला नसतो. तीनशे ऐंशी घरं डोकं चालवून उघडायची आणि अखेर नाणं उडवायचं! हा कोडं घालणाऱ्याचा अप्रामाणिकपणा आहे. दुसरं म्हणजे, सुरुंग हा शब्द ज्यांच्या गावच्या जमिनीत खरोखर पुरलेला आहे त्यांना हा खेळ कसा वाटत असेल? हा प्रश्न माझा एकट्याचा नव्हे. या खेळातून सुरुंग काढावेत अशी मोहीम परदेशात चालली होती, आणि २००७च्या ‘विंडोज व्हिस्टा’त सुरुंगांऐवजी फुलं निवडायची सोय आली. फुलावर पाय पडला तर डाव संपतो, हेही मला कवी म्हणून पटलं.

पडणाऱ्या विटांबद्दल मी थोडक्यात सांगतो, कारण तो खेळ मला कधी जमला नाही. आमच्याकडे तो एसटी स्टँडवर आणि उरुसात मिळणाऱ्या ‘ब्रिक गेम’च्या डबीतून आला, डबीवर ‘९९९९ खेळ’ लिहिलेलं असे आणि आत खेळ मोजून सात-आठ. मूळ खेळ टेट्रिस, १९८४ साली मॉस्कोत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात अलेक्सी पाजितनोव्ह यांनी केला. ज्या यंत्रावर केला त्याला चित्रं काढता येत नव्हती, म्हणून विटा कंसाच्या चिन्हांनी रचल्या होत्या. हक्क सरकारचे, पाजितनोव्ह यांना कमाई मिळू लागली ती १९९६पासून. या खेळात जिंकणं नाही, फक्त हरणं लांबवणं आहे. इंग्रजी एस आणि झेडच्या आकाराच्या विटा आलटून पालटून पडत राहिल्या तर कितीही निष्णात खेळाडू अखेर अडकतोच, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. अब्बांनी पाच मिनिटं पाहिला आणि म्हणाले, ‘‘हे बिगारीचं काम आहे.’’

त्यांचं मन बसलं ते फ्रीसेलवर. तुमच्यापैकी अनेकांनी तो खेळला असेल. बावन्न पत्ते आठ रांगांत, सगळे उताणे. वर डावीकडे चार रिकामी घरं, पत्ता तात्पुरता ठेवायला. उजवीकडे चार घरं, एक्क्यापासून राजापर्यंत रंगवार रचायला. रांगेत लालवर काळा, काळ्यावर लाल, उतरत्या क्रमाने. काही लपलेलं नाही, पुढे काय येणार याची धास्ती नाही. सॉलिटेअरमध्ये पालथे पत्ते असतात, तिथे नशीब आहे. फ्रीसेलमध्ये जे आहे ते समोर आहे. हरलात तर तुमची चूक. ‘‘मग हा जुगार नव्हे,’’ अब्बा म्हणाले, ‘‘हे गणित आहे.’’ आणि चार दशकांची बंदी उठली.

या खेळाची वंशावळ मला त्यांच्या हयातीत ठाऊक असती तर त्यांना आवडली असती. मार्टिन गार्डनर हे अमेरिकेतले गणिती करमणुकीवर लिहिणारे मोठे लेखक. त्यांनी १९६८ साली आपल्या सदरात एका पत्त्यांच्या डावाचं वर्णन केलं. तो त्यांना बेकर नावाच्या गृहस्थांनी सांगितला होता. बेकर यांना तो वडिलांनी शिकवला, आणि वडिलांना १९२०च्या दशकात कुणा इंग्रजाने. त्या डावात पत्ते एकाच रंगाचे एकावर एक लावायचे. इलिनॉय विद्यापीठातल्या पॉल अल्फील या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने १९७८ साली तो ‘प्लेटो’ या संगणकप्रणालीवर आणताना लाल-काळा आलटून पालटून असा नियम केला. त्यासरशी खेळ सुटण्याजोगा झाला, आणि रंगतही वाढली. पुढे जिम हॉर्न यांनी तो विंडोजसाठी लिहिला आणि ‘विंडोज ९५’सोबत तो सगळीकडे पोचला.

हॉर्न यांनी एक गोष्ट अशी केली की जिच्यामुळे हा लेख लिहायला बसलो. त्यांनी डावांना क्रमांक दिले, १ ते ३२०००. तुम्ही ६१७ म्हणालात तर रत्नागिरीत आणि रिओत तेच पत्ते त्याच जागी पडणार. म्हणजे दोन अनोळखी माणसांना एकाच कोड्याबद्दल बोलता येणार. १९९४ साली इंटरनेटवर शंभरेक हौशी खेळाडू जमले, त्यांनी बत्तीस हजार डाव आपसांत वाटून घेतले आणि १९९५पर्यंत ते सोडवत आणले. ज्याला जमला नाही त्याने तो दुसऱ्याकडे द्यायचा. असं करता करता सगळे सुटले, एक उरला. क्रमांक ११९८२.

मग तो संगणकांपुढे ठेवला गेला. संगणकाची रीत साधी आणि निर्दय असते. पहिल्या मांडणीतून शक्य असलेली प्रत्येक चाल करून पाहायची, त्यातून आलेल्या प्रत्येक मांडणीतून पुन्हा प्रत्येक चाल. एकदा पाहिलेली मांडणी लक्षात ठेवायची, तिच्यात पुन्हा शिरायचं नाही. नवी मांडणी उरलीच नाही की थांबायचं. ११९८२च्या बाबतीत सगळ्या वाटा संपल्या तरी सुटका आली नाही. पुढच्या आवृत्त्यांत डावांची संख्या दहा लाख झाली. त्यांतही न सुटणारे निघाले फक्त आठ.

हे मी अब्बांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. तेव्हा ते रोज फजरनंतर एक आणि दुपारी एक असे दोन डाव खेळत होते, क्रमांक एकपासून ओळीने. एका शंभर पानी वहीत तारीख, क्रमांक आणि पुढे खूण. सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही. अम्मी २००४ साली गेली. त्यानंतरचे चाळीस दिवस वही कोरी आहे, आणि एकेचाळिसाव्या दिवसापासून अक्षर थोडं मोठं झालं आहे. मी म्हटलं, ‘‘अब्बा, एक डाव असा आहे जो सुटतच नाही. लावून बघू या?’’

‘‘सुटत नाही की सुटला नाही?’’

मास्तरांचा मुलगा असून मी या प्रश्नाला तयार नव्हतो. त्यांनी मला सूलीची गोष्ट सांगितली. अबू बक्र अस-सूली हा दहाव्या शतकातला बगदादच्या खलिफांच्या दरबारातला शतरंजचा उस्ताद. शायरांचे दिवाण गोळा करून त्यांची संपादनं केली तीही त्यानेच, म्हणून आमच्या घरात त्याचं नाव होतं. त्या काळचा वजीर आजच्यासारखा पटभर धावत नसे. तिरकं एक घर, बस्स. शतरंजच्या कोड्याला मनसूबा म्हणत. सूलीने एक मनसूबा रचला: दोन राजे, दोन वजीर, पटावर फक्त चार सोंगट्या. त्याने लिहून ठेवलं की मी शिकवल्याशिवाय हा कुणाला सुटलेला नाही. उत्तर त्याने दिलं नाही. तो डाव हजार वर्षं तसाच राहिला, आणि १९८०च्या दशकात युरी अव्हेरबाख या रशियन ग्रँडमास्टरने सोडवला. ‘‘हजार वर्षं लोक म्हणतच होते ना, सुटत नाही म्हणून?’’ अब्बा म्हणाले.

मी त्यांना फरक समजावायचा प्रयत्न केला. सूलीच्या पटाला उत्तर होतं, फक्त दिसत नव्हतं. इथे सगळ्या वाटा मोजून झाल्या आहेत. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘‘क्रमाने जाऊ. आला की बघू.’’

आता थोडं मोहिमांच्या खेळांबद्दल. हा प्रकार मी स्वतः कमी खेळलो आणि शेजारच्या मुलाच्या खांद्यावरून जास्त पाहिला. सिड मायर यांचा ‘सिव्हिलायझेशन’ हा खेळ १९९१ साली आला. त्यात एखाद्या संस्कृतीचे पुढारी होऊन सहा हजार वर्षं राज्य करायचं असतं. त्यात भारताचे पुढारी गांधीजी, आणि ते अणुबॉम्बच्या धमक्या देतात! गणिताच्या एका चुकीमुळे शून्याखाली गेलेला त्यांचा आक्रमकपणा फिरून थेट २५५ झाला, अशी सुरस कथा इंटरनेटवर पसरली आणि जगाने ती खरी मानली. मायर यांनी २०२०च्या आत्मचरित्रात सांगून टाकलं की अशी चूक मूळ खेळात नव्हतीच. २०१०च्या पाचव्या आवृत्तीत मात्र गांधीजींना मुद्दाम अण्वस्त्रांची आवड लावून दिली गेली, गंमत म्हणून. खोटी गोष्ट इतकी आवडली की खेळ तिच्यामागून गेला. इतिहासाच्या क्षेत्रातही हे घडतं, पण तो विषय आजचा नाही.

आजचा विषय आहे ‘एम्पायर: टोटल वॉर’, २००९चा ब्रिटिश खेळ. मुख्य मोहीम १७०० सालापासून सुरू होते आणि त्यात मराठे निवडता येतात. शेजारच्या मुलाने मला मोठ्या प्रेमाने बोलावलं. दहावीतला मुलगा, मनात काही नाही. खुर्ची देत म्हणाला, ‘‘काका, मी मराठे घेतो. तुम्ही मुघल घ्या.’’ मग यादी खाली-वर केली. त्या मोहिमेत मुघल घेताच येत नाहीत. ते फक्त समोर उभे असतात, हरवण्यासाठी. तो ओशाळला. म्हणाला, ‘‘काका, तुम्हाला नाहीच आहे.’’

मी म्हटलं, ‘‘अरे, मराठेच दे की.’’

त्याला मी शिवाजी महाराजांच्या आरमारातला दौलतखान सांगितला. पानिपतावर १७६१ साली भाऊसाहेबांच्या बाजूने तोफा चालवणारा आणि त्यापायी पकडला जाऊन मारला गेलेला इब्राहिमखान गारदी सांगितला. त्याने ऐकलं, आणि नकाशा दाखवून विचारलं, ‘‘मग त्यांचा रंग कोणता दाखवायचा, काका?’’ या खेळांतली माझी अडचण त्या मुलाने एका वाक्यात सांगितली. नकाशावर प्रत्येक सत्तेला एकच रंग भरायचा असतो. खेळ चांगला होता, तोफांचे आवाज तर फारच छान. आम्ही मिळून त्या दुपारी सुरत घेतली.

पत्त्यांचा विषय निघालाच आहे तर एक आठवण. पत्ते आपल्याकडे इंग्रजांनी आणले अशी अब्बांची समजूत होती. बाबराच्या आठवणींत १५२७ साली त्याने सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद आहे, हे मी त्यांना दाखवलं आणि एका मे महिन्यात सावंतवाडीच्या राजवाड्यात घेऊन गेलो. तिथे लाखेच्या रंगात गोल पत्ते आजही हाताने रंगवले जातात. ही कला जवळपास संपलेली असताना १९७०च्या दशकात भोसले घराण्याने, विशेषतः राणी सत्त्वशीलादेवींनी, ती पुन्हा उभी केली. मुघल गंजिफाचे पत्ते ९६, आठ रंगांचे. दशावतारी गंजिफाचे १२०, दहा अवतारांचे दहा रंग. अब्बांनी मत्स्यावताराचा एक पत्ता तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. ‘‘खेळ तोच, नुसते देव बदलले,’’ म्हणाले. मग किंमत विचारली, आणि तो जपून परत ठेवला.

हल्लीच्या मोबाइलवरच्या खेळांबद्दल मला फार प्रेम नाही. तिथे तुमचे ‘जीव’ संपतात आणि नवे जीव विकत घ्यावे लागतात. कोडं घालणाऱ्याला तुम्ही ते सोडवावं असं वाटतच नाही, तुम्ही अडकावं असं वाटतं. चुलत्यांचा मचवा मला अशा वेळी आठवतो. अपवाद एक, जोश वॉर्डल यांचा ‘वर्डल’. २०२१ साली त्यांनी तो आपल्या जोडीदारासाठी केला आणि जगाला खुला केला: दिवसाला एकच शब्द, मग उद्या या. दिवसाला एकच! असं बजावणारा खेळ मी दुसरा पाहिला नाही. पुढच्याच जानेवारीत तो ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतला.

अब्बा २०११च्या पावसाळ्यात गेले. शेवटच्या आठवड्यात ते पलंगावरून मला चाली सांगत आणि मी माऊस हलवत असे. किलवरची सत्ती उचल, नको, थांब, आधी चौकटची अठ्ठी मोकळी कर. वहीतली शेवटची खूण ६२१४च्या पुढे आहे. त्याखाली त्यांनी स्वतःच ६२१५ लिहून ठेवलं होतं, खुणेची जागा रिकामी.

‘विंडोज ८’ आलं तेव्हा, २०१२ साली, हे खेळ संगणकासोबत येणं थांबलं. आमचा जुना डबा मी म्हणूनच मोडीत काढलेला नाही. त्याचा पंखा पिठाच्या गिरणीसारखा वाजतो आणि पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवा डाग पडला आहे, पण फ्रीसेल चालतो. अब्बांसारखे रोज दोन मला झेपत नाहीत. आठवड्याला कधी दहा, कधी दोन. वही दुसरी आहे. सुटल्याशिवाय पुढे जायचं नाही हा नियम मी पाळला आहे, फक्त ७०७३ला एकदा मुलीची मदत घेतली, ती नोंद केली आहे. काल रात्री १०४४० झाला.